व्हॅल ड्रोबनिकचं पातळ औषध

व्हॅल ड्रोबनिकला केस्लर मिल्स गावात कुणी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं, आणि काम करताना तर नाहीच नाही. लॉजच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या जुन्या देशातून आलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, हॉलचं दार उघडलं की तो क्षणभर उंबऱ्यात थांबायचा. आत बसलेल्यांना आपल्याकडे बघायला पुरेसा वेळ मिळावा, एवढ्यासाठीच. मग टोपी काढायची, केसांवरून हात फिरवायचा आणि कुणी काही विचारलेलं नसताना "विचारू नका, आज दिवस कसा गेला!" असं म्हणत खुर्ची ओढायची. दिवस बहुतेक अॅक्रन शहराच्या रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात कॉफी पिण्यात गेलेला असायचा.

त्याची बायको टिल्का हे सगळं ओळखून होती. लग्नाआधी ओळखलं असतं तर बरं झालं असतं, पण लग्नाआधी तिने त्याला फक्त नाचताना पाहिलं होतं. पोल्का तो नाचायचा सुरेख. नाचताना माणसाचे पाय तेवढे कळतात, बाकीचा माणूस कळायला घरी न्यावा लागतो. घरी आणल्यावर जो निघाला तो असा: कॉलेज एका वर्षात सोडलेला, पण गावभर 'रसायनशास्त्र शिकलेला'. आधी व्हॅक्यूम क्लीनर विकले, मग विमे विकले, दोन्हीकडे साहेबांना आपली किंमत कळली नाही म्हणून सोडलं. शेवटी अॅक्रनच्या एका रसायन कंपनीने त्याला घेतलं. आवाज भारदस्त, खांदे रुंद, सूट अंगावर छान बसायचा. विकायला याहून जास्त काही लागतं असं त्या कंपनीला तेव्हा वाटत नसावं.

तो जे विकायचा त्याला टिल्काच्या कारखान्यातले लोक 'पातळ औषध' म्हणायचे. कालव्याकाठच्या त्या कारखान्यात व्हायनिलची फरशी व्हायची, गुंडाळीने विकली जाणारी, मऊ. टिल्का तिथे तपासणीच्या टेबलावर उभी राहून सरकत्या पट्ट्यावरचे फोड आणि डाग शोधायची. फरशीचं सगळं मूळ म्हणजे एक लगदा. व्हायनिलची पिठासारखी भुकटी तेलकट द्रवात घोटायची, तो द्रव तिला मऊ ठेवतो. मग तो लगदा लांबरुंद पात्याखालून कागदासारखा पातळ पसरायचा आणि भट्टीत भाजायचा. उन्हाळ्यात हे सुरळीत चालायचं. हिवाळ्यात मात्र टाकीत ठेवलेला लगदा सकाळपर्यंत गार झालेल्या लापशीसारखा घट्ट व्हायचा, पंप कण्हायला लागायचे आणि पात्यापुढे गोळे साचायचे. अशा वेळी चमचाभर पातळ औषध घातलं की लगदा सैल पडायचा. औषध चांगलंच होतं, त्यात काही खोट नव्हती. खोट विकणाऱ्यात होती.

कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता सिरिल, टिल्काचा मावसभाऊ. माणूस हुशार, पण कणा असा की कुणी जरा जोरात बोललं तरी वाकायचा. व्हॅलने नेमका तोच हेरला.

जानेवारीत एका संध्याकाळी व्हॅलला कंपनीच्या तज्ज्ञाचा फोन आला. टिल्का चुलीशी बटाटे परतत होती. व्हॅल फोनवर "हो, हो, समजलं, थोडंच, अगदी थोडं" असं म्हणत होता आणि समोरच्याची टिंगल करत टिल्काकडे बघून डोळे फिरवत होता. फोन ठेवल्यावर हसला.

"काय म्हणत होता?" टिल्काने विचारलं.

"म्हणतो, जास्त घालू नका. फरशीला तेवढं पचत नाही, ती नंतर पृष्ठभागावर बाहेर टाकते म्हणे. हे लॅबवाले म्हणजे जन्मजात भित्रे. थोडं घातलं तर फरक दिसणार कसा? आणि फरक दिसला नाही तर व्हॅल ड्रोबनिकला ओळखणार कोण?"

"पण तो म्हणतोय तर त्याला माहीत असेल ना?"

"टिल्का, तू फोड शोध. ते तुला जमतं."

तिने कढई जरा जोरातच आपटली, पण पुढे बोलली नाही. न बोलण्याची तिला सवय झाली होती. दर दोन वर्षांनी नवी गाडी दारात येत होती, आणि ती गाडी तिलाही आवडत होती.

फेब्रुवारीत व्हॅलने कारखान्यात प्रयोग करून दाखवला. बाहेर कडाक्याची थंडी, टाकीतला लगदा फावड्याने काढावा असा. व्हॅल सूटवर पांढरा कोट चढवून आला होता. तो कोट त्याने खास इस्त्री करून घेतला होता, टिल्काकडूनच. सिरिलने हळूच विचारलं, "व्हॅल, किती घालायचं?"

"सढळ हाताने, सिरिल. कंजूषपणा करून कुणी मोठं झालंय?"

"पण तुमच्याच कागदावर लिहिलंय की..."

"कागद वकिलांसाठी असतात. मी इथे उभा आहे ना? का माझ्यापेक्षा कागदावर विश्वास?"

सिरिलने औषध ओतलं. थोड्या वेळात टाकीतला तो गोळा मधासारखा वाहायला लागला. व्हॅलने पळीभर घेऊन उंचावरून धार सोडली, सगळ्यांना दिसेल अशी. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. पात्याखालून फरशी आरशासारखी निघाली, पट्टा वाढीव वेगाने धावायला लागला. त्या महिन्यात टिल्काच्या टेबलावर फोडच आले नाहीत. बायका म्हणायच्या, "टिल्का, तुझ्या नवऱ्याने आपल्याला झोपायला मोकळं केलं!" टिल्का हसायची. त्या वेळी तिला थोडासा अभिमानही वाटला होता. पुढे ते आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची.

त्यानंतर व्हॅल गावात मावेना. लॉजच्या हॉलची फरशी जुनी झाली होती, तर मॅनेजरने नव्या मालातल्या काही गुंडाळ्या लॉजला फुकट दिल्या. दिल्या कारखान्याने, लावल्या लॉजच्या पोरांनी गुडघे टेकून, आणि दाराशी पितळी पाटी लागली ती 'व्हॅलेंटाइन ड्रोबनिक यांच्या सौजन्याने' अशी. पाटी त्याने स्वतःच करून आणली होती. लावताना स्क्रू कुणीतरी दुसऱ्याने पिळले.

हॉलची देखरेख करायचा ब्लाझ मेझान. म्हातारा, एका पायाने अधू, बायको कधीच गेलेली. हॉलच्या मागच्या खोलीत राहायचा, आणि झाडणं, पुसणं, भट्टी पेटवणं, दर शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला टेबलं लावणं, सगळं त्याच्याकडे. बोलायला फटकळ. नवी फरशी बघून त्याने काठीने टोकरली आणि म्हणाला, "वास मारतेय."

"नव्याचा वास असतो काका," व्हॅल म्हणाला. "तुम्हाला नवं कधी हुंगायला मिळालं नसेल."

आजूबाजूचे हसले. व्हॅलच्या विनोदांना लोक हसायचे; तोच सगळ्यांना बिअर पाजत असल्यामुळे हसणं भाग असायचं.

जून उजाडला आणि फरशी घामेजली. सकाळी हॉल उघडला की जमिनीवर तेलकट साय धरलेली असायची. पुसली की दुपारपर्यंत परत. धूळ तिला चिकटायची, बुटांचे तळवे उचलताना मुका घेतल्यासारखा आवाज यायचा. ब्लाझ बादली घेऊन दिवसभर रांगत असायचा. साबण झाला, सोडा झाला, गरम पाणी झालं. फरशी ढिम्म. पुसून काढावं तेवढं आतून नवं येत होतं.

कारखान्यात काय चाललंय हे टिल्काला दिसत होतं. परत आलेल्या गुंडाळ्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचल्या जात होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. सिरिल जेवणाच्या सुटीत कुणाशी बोलत नव्हता. टाकीत पडणारं औषध त्याने गुपचूप कमी केलं होतं, अगदी त्या तज्ज्ञाने सांगितलं होतं तेवढं. नवा माल ठीक निघत होता. जुन्याबद्दल त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

जुलैत पेपा होचेवारच्या भाचीचं लग्न झालं. पेपा म्हणजे लॉजचं स्वयंपाकघर. तिच्याशिवाय हॉलमध्ये पाणीही उकळत नसे. लॉजची अध्यक्षही त्या वर्षी तीच होती. पाहुण्यांना तळलेली कोंबडी, झणझणीत भात, व्हिनेगरमधली कोबी, अक्रोड भरलेला गोड पाव म्हणजे पोटित्सा, सगळं झालं. अकॉर्डियन सुरू झालं, नवरी पहिल्या नाचाला उठली आणि दोन फेऱ्यांत तिच्या पांढऱ्या झग्याची सगळी कड काळी चिकट झाली. झगा तिच्या आजीचा होता, जुन्या देशातून आणलेला. दुसऱ्या गाण्यात नवरीच्या सासऱ्याचा बूट चिकटून राहिला आणि ते पायमोजावर पुढे सरकून आडवे झाले. त्यांना फार लागलं नाही, पण अकॉर्डियन थांबलं. भर हॉलमध्ये नवरी मुसमुसायला लागली.

सगळे पाटीकडे बघायला लागले. पाटीवरून नजर व्हॅलकडे वळायला कितीसा वेळ लागणार? व्हॅलने तो वेळ मिळूच दिला नाही.

"ब्लाझकाका," तो मोठ्याने, अगदी दुःखी आवाजात म्हणाला, "कशाने पुसलीत हो फरशी? रॉकेलने?"

"पाण्याने," ब्लाझ म्हणाला.

"काका, आठवून बघा. वयात विसरायला होतं. व्हायनिलला रॉकेल लागलं की ते असंच पाझरतं, हे मला रसायनाच्या माणसाला कळतं. तुमचा दोष नाही. कुणी सांगितलंच नसेल तुम्हाला."

दोष नाही म्हणत म्हणत त्याने दोष म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधला. ब्लाझ काहीतरी बोलायला गेला, पण चिडला की त्याची जीभ अडखळायची, आणि अडखळणारा माणूस खोटा वाटतो. लोक कुजबुजायला लागले. ब्लाझच्या खोलीत स्टोव्ह होता, म्हणजे रॉकेल होतंच. झालं. पुढच्या रविवारी चर्चनंतर सभा ठरली. हॉलला नवा माणूस आणायचा, आणि खोली त्याला द्यायची, असं सभेआधीच गावात ठरून गेलं.

घरी आल्यावर व्हॅल बूट काढून त्यांचे तळवे वर्तमानपत्राला पुसत बसला. टिल्का दारात उभी राहून बघत होती.

"त्या म्हाताऱ्याला कुठे पाठवणार आहेस?" तिने विचारलं.

"मी कुठे पाठवतोय? लॉज ठरवेल."

"तुला माहीत आहे फरशी का पाझरतेय. जानेवारीत तूच सांगितलंस मला, ह्याच स्वयंपाकघरात."

"हळू बोल."

"कोण ऐकणार आहे? मी आणि तू."

व्हॅलने सुस्कारा टाकला, मूर्ख मुलाला समजवावं तसा. "हे बघ. कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. माझं घेतलं तर कारखाना हातचा जातो, सिरिलची नोकरी जाते, आपली गाडी जाते. त्याचं घेतलं तर काय जातं? एक खोली. म्हातारा आहे. त्याची बहीण आहे ना क्लीव्हलंडला?"

"बहीण मेली त्याची. तू तिच्या प्रेताला खांदा दिलास."

"मी? हो का?" व्हॅलला खरोखरच आठवत नव्हतं. "असेल. लोक बोलावतात, मी जातो."

त्या क्षणी टिल्काच्या मनातून तो पुरता उतरला. राग आला असता तर तिने ताटवाट्या फेकल्या असत्या. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. तिला समोर एक सूट दिसत होता, बुटाचा तळवा खरवडणारा.

दुसऱ्या दिवशी तिने सिरिलला प्रयोगशाळेत गाठलं. "तू सभेत सांग," ती म्हणाली. "तू प्रमुख आहेस, तुझं ऐकतील."

सिरिलने काचेच्या भांड्यावरचा नसलेला डाग पुसायला घेतला. "टिल्का, मला तीन पोरं आहेत."

"ब्लाझला एकही नाही, म्हणून त्याला हाकलायचं?"

"व्हॅल तुझा नवरा आहे. तूच त्याला समजव ना."

"दगडाला समजवेन. तुला आणि त्याला नाही," असं म्हणून ती बाहेर पडली. दोघेही एकाच मापाचे, फक्त एकाला बोलता येतं आणि एकाला तेही येत नाही, असं तिला वाटलं.

रविवारी हॉल भरला होता. व्हॅल निळा सूट घालून बोलायला उभा राहिला, आणि बोलला सुंदर. ब्लाझकाकांच्या सेवेबद्दल बोलला, आपण सगळेच एक दिवस म्हातारे होणार याबद्दल बोलला, एकदा तर रुमाल डोळ्यांपर्यंत नेला. शेवटी काकांसाठी वर्गणी काढायचा ठराव मांडला. पहिला आकडा माझा लिहा म्हणाला. माणसाला बेघर करून वर त्याच्याच नावाने टाळ्या घ्यायच्या, हे कसब त्याचंच. ब्लाझ मागच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

टिल्का उठली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"फरशी लावली तेव्हा उरलेला तुकडा व्हॅलने घरी आणला होता," ती म्हणाली. "तळघरात फळीवर पडून होता. त्यावर कुणी चाललं नाही, तो कुणी पुसला नाही. आमच्या घरात रॉकेल नाही, हे पेपामावशीला माहीत आहे, ती परवाच माझ्याकडे मागायला आली होती." तिने पुडकं पेपासमोर टेबलावर ठेवलं. "उघड, मावशी."

पेपाने कागद सोडवायला घेतला. तो सुटेना. तेल पिऊन पारदर्शक झाला होता आणि फरशीला असा चिकटला होता की अक्षरं उलटी तिच्यावर उमटली होती. पेपाने बोट फिरवलं, मग बोट नाकाशी नेलं.

"तोच वास," ती म्हणाली.

"तळघरात दमट असतं," व्हॅल म्हणाला. हसत होता अजून. "बायकांना वाटतं रसायनशास्त्र म्हणजे भाजी चिरणं. टिल्का, बस खाली."

"त्याने औषध जास्त घातलं," टिल्का हॉलकडे बघून म्हणाली. "कंपनीने जानेवारीतच फोन करून सांगितलं होतं, जास्त घालू नका, फरशी बाहेर टाकेल. मला हसत हसत सांगितलं त्याने. सिरिललाही ठाऊक आहे. सिरिल, मान वर कर."

सिरिलने मान वर केली नाही. पण खालच्या खाली हलवली, होकारार्थी. त्याच्या आयुष्यातलं बहुधा ते सर्वांत मोठं शौर्य.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. पेपा फक्त म्हणाली, "ब्लाझ, तुमची खोली तुमचीच. आणि व्हॅल, तुझी ती वर्गणी तू खिशातच ठेव." मग एकजण हसला, आणि हळूहळू सगळा हॉल हसायला लागला. या वेळी बिअर कुणी पाजली नव्हती. व्हॅलने हसणाऱ्यांकडे पाहिलं, टोपी घेतली, आणि घाई न करता निघाला. दारापाशी क्षणभर थांबला देखील. सवय.

टिल्का ब्लाझकडे गेली. तो आभार मानेल असं तिला कुठेतरी वाटत होतं. म्हाताऱ्याने तिला खालून वर न्याहाळलं.

"जानेवारीपासून माहीत होतं म्हणालीस?"

"हो काका."

"आणि जूनपासून मी रांगतोय. तुझ्या डोळ्यांदेखत." त्याने काठी टेकली आणि उठला. "चांगली बाई आहेस. पण फार सावकाश."

ते तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं हेही तिला कळलं. फरशी खरवडायला लॉजची माणसं जमली तेव्हा ती सगळ्यांत आधी पातं घेऊन गुडघ्यावर बसली. ब्लाझने तिला न बोलता बादली आणून दिली. दोघांमध्ये त्याहून जास्त काही कधी झालं नाही.

व्हॅलचं वाटोळं झालं असं कुणाला ऐकायचं असेल तर तसं काही झालं नाही. असल्या माणसांचं होत नाही. त्याने आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं की बायकोचं वय नाजूक आहे, काहीबाही बोलते. मग कंपनीने त्याची दक्षिणेत बदली केली, अलाबामाकडे, जिथे मासे पकडायची मऊ प्लास्टिकची गांडुळं साच्यात ओततात. तिथेही घट्ट लगदा असायचा आणि तो सैल करणारा कुणीतरी लागायचाच. टिल्काला त्याने सोबत ये म्हटलं. तिने नाही म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, सामान भरताना फक्त पांढरा कोट कुठे आहे एवढं विचारलं.

पुढे चार-पाच वर्षांनी त्याची आई गेली तेव्हा तो आला. केस रंगवलेले, चेहरा उन्हाने भाजलेला, अंगठीत खडा. दफनानंतर हॉलमध्ये जेवण होतं. आईच्या मैत्रिणी एकेक करून जवळ येत होत्या आणि तो प्रत्येकीचा हात दोन्ही हातांत धरून हळवं बोलत होता, अगदी त्या सभेतल्या आवाजात. टिल्काने दुरून पाहिलं, तर एका विधवेच्या मुलाला, जो अॅक्रनला मऊ प्लास्टिकच्या खेळण्यांच्या कारखान्यात लागला होता, त्याला व्हॅल आपलं कार्ड देत होता. शवपेटी उतरून दोन तास झाले नव्हते.

तिला वाटलं होतं, तो दिसला की जुनं सगळं वर येईल. काही झालं नाही. जुन्या दुकानाच्या काचेत उभा केलेला पुतळा बघावा तसं तिने त्याला पाहिलं, आणि तिला कळलं की आपण याला तुच्छ मानायलाही थकलोय.

त्याने तिला पाहिलं, आणि हात पसरून पुढे आला. "टिल्का! अजून तशीच दिसतेस!"

"ताट वाढू का?" तिने विचारलं.

"वाढ ना. भात जास्त घाल. तिकडे असला मिळत नाही."

तिने ताट वाढून दिलं, भात जास्त घातला, आणि आत गेली. पेपा तळणाची कढई खरवडत होती.

"राहणार आहे का तो?" पेपाने विचारलं.

"मी विचारलं नाही," टिल्का म्हणाली, आणि बाह्या वर करून भांड्यांना लागली.